उत्तेजनार्थ

गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. पारितोषिक वितरण आटोपले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळाले, सतरंज्या गुंडाळण्यास प्रारंभ झाला, आणि मी चहाचा पेला हाती घेऊन व्हरांड्यात उभा असताना एक गृहस्थ आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पुढे करून माझ्याजवळ आले. मुलीच्या हातात प्रशस्तिपत्र होते. पण तिने ते अशा बेताने दुमडले होते, की तिचे नाव तेवढे वर दिसावे आणि त्याखालचा शब्द घडीच्या आत जावा. गृहस्थांनी मोठ्या अदबीने विचारले, "सर, उत्तेजनार्थ म्हणजे चौथाच नंबर ना?" मी "हो, तसंच म्हणा" असे काहीसे पुटपुटलो. मुलीने ती घडी बोटाने आणखी एकदा दाबली, आणि दोघेही एस. टी. गाठण्यासाठी लगबगीने निघून गेली.

व्यवहाराच्या दृष्टीने माझे उत्तर खरेच होते. शाळेच्या फळ्यावर, स्पर्धेच्या पत्रकात आणि वर्तमानपत्रातील निकालाच्या चौकटीत प्रथम, द्वितीय, तृतीय ह्यांच्या मागोमाग जो येतो तो उत्तेजनार्थ, हे मराठी घरातील लहान मूलही जाणते. परंतु परतीच्या प्रवासात तो शब्द माझ्या मनातून हलेना. ज्या शब्दाने दुसऱ्याला उभारी द्यावयाची, तोच शब्द झाकण्यासाठी एखाद्या मुलीला कागदाला घडी घालावी लागावी, ही त्या शब्दाची विटंबना म्हणावी की आपली, ह्याचा उलगडा करावा म्हणून घरी आल्यावर कोश उघडले. आणि मग जे हाती लागले ते त्या व्हरांड्यात मला ठाऊक असते तर किती बरे झाले असते, असे वाटून गेले.

उत्तेजन हा शब्द 'उत्' ह्या उपसर्गाने 'तिज्' ह्या धातूपासून सिद्ध होतो, आणि धातुपाठात तिज् धातूचा अर्थ 'निशान' असा दिलेला आहे. हे निशान म्हणजे मिरवणुकीच्या अग्रभागी फडकणारे फारसी निशाण नव्हे. संस्कृतातील निशान म्हणजे शस्त्र घासून त्याला धार आणणे. म्हणजे उत्तेजन ह्या शब्दाच्या मुळाशी ना स्तुती आहे, ना सांत्वन, ना पाठीवरून फिरणारा हात. तेथे आहे एक पाते, एक दगड आणि त्या दोहोंचे घर्षण. ह्याच धातूपासून 'तीक्ष्ण' आणि 'तिग्म' हे शब्द निघाले. अमरकोशाने लोखंडाच्या नावांत 'तीक्ष्ण' हेही एक नाव सांगितले आहे, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन जुन्या मराठीत पोलादाला 'तिखे' म्हणत असत. आपण रोज पानात वाढून घेतो ते तिखटही ह्याच कुळातले. जिभेला ज्याची धार लागते ते तिखट, इतका साधा तो हिशेब आहे.

ह्या कुळातील सर्वांत प्रतिष्ठित शब्द म्हणजे 'तेज'. आज तेज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रकाश उभा राहतो. परंतु ह्या शब्दाच्या अर्थांत शस्त्राची धार आहे, ज्वाळेचे वर निमुळते होत गेलेले टोक आहे, आणि मग त्या टोकाची झळाळी आहे. धार लावलेले पाते उन्हात धरले असता त्याच्या कडेवर जी एक बारीक शुभ्र रेघ चमकते, ती ज्याने पाहिली असेल त्याला धारेपासून प्रकाशापर्यंतचा हा अर्थाचा प्रवास निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेजस्वी मनुष्य म्हणजे नुसता उजळ कांतीचा मनुष्य नव्हे. ज्याला धार आहे, तो तेजस्वी.

गंमत अशी, की हा धातू एकट्या संस्कृताच्या मालकीचा नाही. प्राचीन इराणी भाषेत त्याचीच भावंडे नांदत होती. तीक्ष्ण ह्या अर्थाचा 'तिग्र' हा शब्द त्यांतलाच, आणि बाणाला फारसीत 'तीर' म्हणतात तोही त्याच घरातला. फारसीतील 'तेज', म्हणजे धारदार, चपळ, हा तर उघडउघड सख्खा चुलत भाऊ. त्यामुळे आपल्या भाषेत एक विलक्षण कौटुंबिक संमेलन घडून आले आहे. मुखावरचे तेज संस्कृत मार्गाने आले, तेज घोडा फारसी मार्गाने आला, व्यापाऱ्यांच्या पेठेतील तेजी-मंदीची तेजीही त्याच फारसी वाटेने आली, आणि सरदारांच्या पदरचे तीरंदाज तर आपला तीर घेऊनच आले. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली ही सारी मंडळी मराठीच्या ओसरीवर एकमेकांना न ओळखता शेजारी शेजारी बसली आहेत. ग्रीकांच्या भाषेत टोचून उमटवलेल्या खुणेला 'स्टिग्मा' म्हणत आणि लॅटिनमध्ये जनावराला टोचून पुढे हाकण्यावरून चिथावणीचा शब्द घडला, तीही ह्याच घराण्याची दूरची शाखा असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. टोचल्याशिवाय, घासल्याशिवाय ह्या घराण्यात कोणी कोणाला पुढे नेलेले नाही.

कोशातील अर्थ डोळ्यांनी पाहावा अशी इच्छा असणाऱ्याने धार लावणाऱ्याची वाट पाहावी. आमच्या गल्लीत तो महिना-दोन महिन्यांनी येतो. सायकल स्टँडवर उभी करतो, मागच्या चाकावरून घेतलेला पट्टा पुढे बसवलेल्या दगडी चाकाला जोडतो, बैठकीवर बसून पायटे मारू लागतो, आणि मग सुऱ्या, कात्र्या, विळीचे पाते अशा एकेक वस्तू त्या फिरत्या दगडावर तिरप्या धरतो. ठिणग्यांची एक झिरमिळी उडते. मधूनच तो डब्यातले पाणी दगडावर शिंपडतो, पाते उचलून डोळ्यांसमोर आडवे धरतो, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहतो. एकदा माझ्या देखत त्याने शेजारच्या वहिनींची एक चकचकीत सुरी परत केली. "बाई, ही पत्र्याची हाय. हिला धार धरत न्हाई, नुसतीच झिजंल." आणि आमची जुनी काळीकुट्ट विळी हाती घेऊन म्हणाला, "हिचं लोखंड झ्याक हाय. पण लई दाबून चालत न्हाई. तापली की पाणी उतरतं."

ह्या दोन-तीन वाक्यांत उत्तेजनाचे सारे शास्त्र आले आहे, असे मला वाटते. पहिली गोष्ट ही, की दगड पात्याला स्वतःजवळचे काहीच देत नाही; तो केवळ पात्याच्या अंगचे अनावश्यक ते काढून घेतो, आणि धार म्हणून जी प्रकट होते ती त्या लोखंडात मुळातच वसत असते. दुसरी ही, की जेथे लोखंडच नाही तेथे धार लावण्याचा खटाटोप म्हणजे निव्वळ झीज. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, ही की घर्षणालाही मर्यादा असते. लोहार पाते तापवून पाण्यात बुडवतो त्याला 'पाणी देणे' म्हणतात, आणि त्यावरूनच आपण कर्तबगार माणसाला 'पाणीदार' म्हणू लागलो. परंतु धार लावताना पाते अतोनात तापले, तर लोहाराने दिलेले ते पाणी उतरून जाते आणि धार टिकेनाशी होते. मुलांना सुधारावे म्हणून अहोरात्र त्यांच्या मागे लागणाऱ्या किती पालकांनी त्यांचे पाणी उतरवले असेल, ह्याची गणती कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

मर्यादेची ही जाणीव प्राचीनांना होती, ह्याची एक सुंदर खूण अश्वविद्येच्या परिभाषेत आहे. घोड्याच्या पाच चालींपैकी एका चालीला 'उत्तेजित' असे नाव आहे, आणि हेमचंद्राने आपल्या अभिधानचिंतामणीत तिचे लक्षण सांगताना तिचा वेग मध्यम असतो असे म्हटले आहे. आजच्या भाषेत उत्तेजित म्हणजे भडकलेला, भान हरपलेला. पण बाराव्या शतकातल्या त्या जैन आचार्याच्या कोशातला उत्तेजित घोडा चौखूर उधळलेला नाही, तो मध्यम वेगाने, स्वाराच्या कह्यात राहून, लांबचा पल्ला गाठणाऱ्या चालीने निघालेला आहे.

तिज् धातूचे आणखी एक अपत्य आहे, आणि ते पाहिल्यावर तर मी चकितच झालो. ते अपत्य म्हणजे 'तितिक्षा'. पाणिनीने गुप्, तिज् आणि कित् ह्या तीन धातूंना 'सन्' प्रत्यय लावण्याचे एका स्वतंत्र सूत्रात सांगितले, आणि परंपरेने तिज् धातूच्या ह्या रूपाला क्षमेचा, सोसण्याचा अर्थ नेमून दिला. तीच शीतोष्ण आणि सुखदुःख सहन करणारी तितिक्षा. आता उत्तेजनाचा समानार्थी म्हणून आपण ज्या शब्दाकडे धाव घेतो तो 'प्रोत्साहन' शब्द सोडवून पाहा. त्याच्या पोटात उत्साह आहे, आणि उत्साहाच्या पोटात 'सह्' धातू आहे, ज्यापासून सहन, सहिष्णु, असह्य हे शब्द निघाले. भरताने वीररसाचा स्थायी भाव म्हणून जो उत्साह सांगितला आणि राजनीतिकारांनी राजाच्या तीन शक्तींत जिची गणना केली ती उत्साहशक्ती, ह्यांच्या मुळाशी सोसण्याचे, दाब झेलून वर येण्याचे सामर्थ्य आहे. म्हणजे उभारी देण्याचे आपले दोन्ही प्रमुख शब्द सहनशीलतेच्या घरात जन्मले आहेत. ज्याला सोसता येते त्यालाच धार लावता येते, ही गोष्ट कोणा नीतिकाराने सांगण्यापूर्वीच भाषेने आपल्या धातूंत नोंदवून ठेवली होती.

महाभारताने ह्या विद्येची दोन टोके एकाच उद्योगपर्वात दाखवली आहेत. दुर्योधनाच्या आदरातिथ्यात गुंतून त्याच्या पक्षाला मिळालेल्या शल्याकडे युधिष्ठिर एक विचित्र मागणी करतो. पुढे कर्णाचे सारथ्य तुझ्याकडे येईल, तेव्हा तू त्याचा तेजोवध करावास, अशी ती मागणी. शल्य तो शब्द पाळतो. कर्णपर्वात रथावर बसल्यापासून तो कर्णाला हंस आणि कावळ्याची गोष्ट ऐकवतो, त्याच्या कुळाचा आणि पराक्रमाचा उपहास करतो, आणि त्याची धार बोथट करण्यात काही कसर ठेवत नाही. तेजोवध हा शब्द आपण आजही वापरतो. तेजाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला म्हणजे तो किती नेमका आहे हे कळते. आणि त्याच उद्योगपर्वात, कृष्ण शिष्टाई आटोपून परत निघालेला असताना, कुंती आपल्या पुत्रांसाठी त्याच्याजवळ विदुलेची कथा निरोप म्हणून देते. सिंधुराजाकडून पराभूत होऊन घरी येऊन अंथरुणावर पडलेल्या संजय नावाच्या आपल्या पुत्राला विदुला उठवते. ती त्याला जवळ घेऊन कुरवाळत नाही. कोंड्याच्या धुमसत्या आगीसारखे दीर्घकाळ धुरकटत राहण्यापेक्षा क्षणभर तरी भडकून पेट, अशी तिची भाषा आहे, आणि तो मुलगा वाक्यबाणांनी टोचलेल्या जातिवंत घोड्यासारखा उठून उभा राहतो. महाभारतकार ह्या आख्यानाला तेजोवर्धन म्हणतात.

शल्यही बोचरे बोलतो आणि विदुलाही बोचरे बोलते. मग एकाचे बोलणे वध आणि दुसरीचे वर्धन का? विदुला पुत्राला त्याच्या आळसाबद्दल बोलते, त्याच्या लोखंडाबद्दल तिला तिळमात्र शंका नसते. उलट तुझ्या ठायी बळ आहे म्हणूनच मी हे बोलते आहे, हा तिच्या प्रत्येक वाक्याचा गर्भितार्थ आहे. शल्य मात्र धारेला हात न घालता थेट लोखंडालाच खोटे म्हणतो. कठोर शब्द आणि मृदू शब्द असा भेद येथे नाहीच. समोरच्याच्या अंगी काही आहे असे मानून बोलणारा आणि काही नाही असे मानून बोलणारा, एवढाच काय तो भेद आहे.

येथवर आपण संस्कृताच्या वाटेने आलो. परंतु मराठी माणसाला उभारी देण्याचे काम एकट्या संस्कृताने कधीच केलेले नाही. आपल्या जिभेवर जो शब्द सर्वांत आधी येतो तो 'शाबास', आणि तो अस्सल फारसी आहे. 'शाद' म्हणजे आनंदी आणि 'बाश' म्हणजे अस, राहा. शाद-बाश, आनंदात राहा, असा तो आशीर्वाद. दरबारातून तो फौजेत आला, फौजेतून तालमीच्या हौद्यात उतरला, आणि तेथून शाळेत गुरुजींच्या तोंडी येऊन बसला; वाटेत त्याचा मधला द गळाला आणि पाठीवर थाप मारण्याचा अर्थ चिकटला, तो इतका की शाबासकी ही आपल्याकडे ऐकण्यापेक्षा पाठीवर घेण्याची वस्तू झाली. मात्र शाबासकीचे तोंड मागच्या दिशेला असते. कुस्ती मारल्यावर शाबास, गड सर केल्यावर शाबास. जे घडून गेले त्याची ती पावती आहे.

पुढे पाहणारा शब्द त्या काळच्या मुलकी दप्तरात होता, आणि तो म्हणजे 'तगाई'. नांगर चालवण्याची इच्छा आहे पण बैल नाहीत, बियाणे नाही, अशा रयतेला सरकारातून जी उसनवारी मिळे ती तगाई. हा शब्द अरबीतून फारसी कारभाराच्या मार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बळ देणे, आणि आपण एखाद्याची 'कुवत' काढतो ती कुवतही त्याच धातूची. शिवाजी महाराजांचे १६७६ सालचे, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत ह्यांना लिहिलेले पत्र ह्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. गावोगाव हिंडून कुणबी गोळा करावे, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटासाठी धान्य द्यावे, आणि ह्या साऱ्याची वसुली व्याज न लावता, केवळ मुद्दल, तो तवाना, म्हणजे सबळ, होईल तसतशी हळूहळू करावी, असा त्या आज्ञेचा आशय आहे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल देऊन पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यावयाचा आणि तो वर्षागणिक वाढवीत पूर्ण आकारावर न्यावयाचा, ही इस्ताव्याची पद्धतही त्याच धोरणातली. तेथे टाळ्या नव्हत्या, प्रशस्तिपत्रे नव्हती. बैलाची जोडी, खंडीभर धान्य आणि वाट पाहण्याची तयारी, एवढ्या साहित्यावर ती उभारी दिली जात होती.

मग उत्तेजन हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात मानाच्या जागी केव्हा बसला? त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे, आणि त्याची एक नाट्यपूर्ण सुरुवात पुण्यातल्या दक्षिणेपाशी आहे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अंमल आल्यावरही ती, आकाराने घटत का होईना, चालू होती. १८४९ साली पुण्यातील काही तरुणांनी, ज्यांत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख प्रमुख होते, असा अर्ज केला की ह्या रकमेचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून मिळावा. त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. तथापि १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, आणि जो पैसा पूर्वी जन्म व अध्ययन ह्यांच्या नावाने मिळत होता तो आता उद्या लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या नावाने मिळू लागला.

पुढील पन्नास वर्षांत तर महाराष्ट्रात आणि मुंबईत 'उत्तेजक' मंडळ्यांचे पीकच आले. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला जी सभा चालवत आली तिचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. वेदाध्ययनाच्या परीक्षा घेण्यासाठी निघाली ती वेदशास्त्रोत्तेजक सभा. मराठी ग्रंथांसाठी १८९४ साली रानड्यांच्याच पुढाकाराने जी संस्था जन्मली ती पुढे महाराष्ट्र ग्रंथोत्तेजक संस्था म्हणून ओळखली गेली. मुंबईच्या पारशी समाजात कैखुश्रू काबराजींच्या पुढाकाराने १८७० साली गायन उत्तेजक मंडळी निघाली. ह्या सभांपैकी कोणीही नुसता गौरव करण्यासाठी जमत नव्हते. तेथे व्याख्यान देणाऱ्याला श्रोत्यांचे प्रश्न झेलावे लागत, वेदपाठ्याला परीक्षकांसमोर बसावे लागे, आणि गाणाऱ्याला जाणकारांच्या कानाखालून जावे लागे. १८८४ साली ह्या गायन उत्तेजक मंडळीत एक वाळकेश्वरचा तरुण दाखल झाला. सतारीचा नाद त्याला आधीच होता. मंडळीने त्याला ध्रुपद आणि ख्याल ह्यांची तालीम देणाऱ्या गायकांसमोर बसवले. तो तरुण म्हणजे विष्णू नारायण भातखंडे. पुढे त्यांनी मराठीत लिहिलेल्या हिंदुस्थानी संगीत पद्धतीच्या चार भागांनी साऱ्या हिंदुस्थानच्या संगीतविचाराला शिस्त लावली. मंडळीने भातखंड्यांना प्रतिभा दिली नाही. ती त्यांच्यापाशी होती. मंडळीने दिला तो दगड.

परंतु ह्या शब्दाविषयी सर्वांत मार्मिक भाष्य, बहुधा नकळत, अण्णासाहेब कर्व्यांनी केले आहे. विष्णुशास्त्री पंडितांनी मुंबईत पूर्वी विधवाविवाहाच्या उत्तेजनासाठी मंडळी काढली होती. तिचे कार्य थंडावल्यावर, १८९३ साली, स्वतः गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केल्यानंतर काही महिन्यांनी, कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोनच वर्षांत, १८९५ साली, त्यांनी त्या मंडळीचे नाव पालटून विधवाविवाह-प्रतिबंधनिवारक मंडळी असे केले. नाव लांबले, पण त्याने एक मोठी गोष्ट सांगितली. पाते म्यानातच अडकवून ठेवले असेल तर त्याला कितीही धार लावून उपयोग नाही. आधी म्यान सैल केले पाहिजे. ज्यांची वाट समाजाने अडवलेली आहे त्यांना, तुम्ही पुढे या, म्हणून हाका मारण्यापेक्षा ती वाट मोकळी करणे हेच पहिले उत्तेजन होय.

अशा थोर कुळातला हा शब्द आज कोठे येऊन ठेपला आहे? हिंदीच्या सहवासाने त्याच्या स्त्रीलिंगी बहिणीला, उत्तेजनेला, भडकवण्याचा वास लागला. क्रीडावृत्तांत 'उत्तेजक द्रव्य' हा शब्द बंदी घातलेल्या औषधांसाठी रूढ झाला. आणि सरकारी परिपत्रकांनी उत्तेजनाची जागा प्रोत्साहनपर अनुदानाला दिली. उरले एक बक्षिसाच्या यादीतले शेवटचे स्थान. ज्या शब्दाने सभा उभ्या केल्या, त्याला आपण चौथ्या क्रमांकाचे सभ्य नाव करून टाकले.

तरीही त्या यादीकडे नीट पाहिले तर ह्या शब्दाने आपला मान अजून सोडलेला नाही असे दिसते. प्रथम, द्वितीय, तृतीय ही संख्यावाचक विशेषणे आहेत. त्या दिवशी, त्या व्यासपीठावर कोण कोठे उभा राहिला, एवढेच ती सांगतात, आणि सायंकाळी सतरंज्या गुंडाळल्या की त्यांचे काम संपते. 'उत्तेजनार्थ' ही संख्या नव्हे. त्याच्या शेवटी 'अर्थ' आहे, म्हणजे प्रयोजन आहे. अमुक क्रमांकाचा असे तो म्हणत नाही, अमुक घडावे म्हणून असे म्हणतो. साऱ्या निकालपत्रकात उद्याविषयी बोलणारा तो एकटाच शब्द आहे.

आणि आता मला त्या मुलीचे भाषण आठवते. मध्यावर आल्यावर ती विसरली होती. सभागृहात कुजबुज झाली, पडद्याआडून कोणी शब्द पुरवू लागले. ती कोणाकडे न पाहता दहा-पंधरा क्षण तशीच उभी राहिली, आणि मग, अशा वेळी मुले करतात तसे पुन्हा पहिल्यापासून न म्हणता, जेथे तुटले होते नेमके तेथूनच तिने धागा उचलला. तेवढ्यासाठीच आम्ही तिघा परीक्षकांनी तिची निवड केली होती. तिच्या गुणपत्रिकेच्या समासात मी लिहिलेही होते, की उच्चार स्वच्छ, थांबणे उत्तम, शेवट मात्र घाईने, आणि हातवारे दुसऱ्याचे उसने. हे तिला कोणी सांगितले नाही. गुणपत्रिका रिवाजाप्रमाणे पाकिटात बंद होऊन संयोजकांच्या कपाटात गेल्या, आणि तिच्या हाती आला तो फक्त छापील कागद. पाते तिने आणले होते, दगड आमच्या पाकिटात होता, आणि दोघांची गाठ न घालताच आम्ही त्या समारंभाला उत्तेजन म्हटले.

तेव्हापासून परीक्षक म्हणून बोलावणे आले, की मी एक अट घालतो. निकालानंतर अर्धा तास एक रिकामा वर्ग मिळावा, आणि ज्यांना क्रमांक मिळाला नाही ती मुले गुणपत्रिकेसह माझ्यासमोर बसावीत. मुले प्रथम बिचकतात. मग कोणी विचारते, "सर, शेवट घाईत म्हणजे नक्की कुठे?" आणि पुढल्या बाकावरचे एखादे मूल आपले शेवटचे वाक्य सावकाश, पुन्हा एकदा, म्हणून पाहते.